गिटारच्या पोटात

संक्रांतीला तिळगूळ द्यायला मुलीच्या क्लासमधली चार-पाच पोरं घरी आली होती. त्यातल्या एकानं कोपऱ्यातली गिटार उचलली, दोन-तीन कॉर्ड वाजवल्या, मान डोलावली आणि खिशातून मोबाईल काढून त्याची बॅटरी सरळ गिटारच्या भोकात मारली. एक डोळा मिटून आत बघितलं. गिटार तिरकी करून परत बघितलं. "काका, कंपनी कुठली?" मी म्हटलं, "घरची." तो हसला. "तसं नव्हं, आत लेबलच नाही." "लावायचं राहिलंय," मी म्हटलं. "घेतली नाही रे, केली आहे." पोरगं गुणी होतं. त्यानं लगेच बाकीच्यांना बोलावलं, सगळ्यांनी भोकात डोकावून झालं, फोटो निघाले, तिळाच्या वड्या संपल्या. जाताना दारात चपला घालता घालता मात्र तो मुलीला हळूच म्हणाला, "खरंच तुझ्या पप्पांनी केलाय, का किट मागवून जोडलाय?" मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात होतो. तिथून सगळं ऐकू येतं.

लेबल राहिलं नव्हतं. मीच राहू दिलं होतं.

बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, हायड्रॉलिकच्या वाल्वचे भाग करण्यात माझी बावीस वर्षं गेली. वाल्वमध्ये एक दांडी भोकात मागंपुढं सरकते. ती दांडी आणि ते भोक यांच्यात फट ठेवायची पाच ते दहा मायक्रॉन. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या सातव्या-आठव्या हिश्शाचा हिशेब. त्यात फरक आला की माल परत. अशा कामात माणसाचा स्वभाव हळूहळू बदलतो. मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा केळीच्या पानाची कड टेबलाला समांतर करून घेतो, असं बायको म्हणते. तर असा माणूस चाळिशी उलटल्यावर लाकडाच्या नादाला का लागला, हे मलाही नीट सांगता येत नाही. एक आठवण आहे, पण ती गिटारची नाही, वीणेची आहे.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी माघात सप्ताह असायचा. सप्ताहात वीणा जमिनीवर ठेवत नाहीत. दिवसरात्र कुणाच्या तरी गळ्यात ती असते आणि दोन-दोन तासांचे पहारे लावलेले असतात. वडिलांचा पहारा रात्री दोन ते चारचा. मी बारा वर्षांचा असताना एकदा त्यांना ताप भरला आणि ती पाळी माझ्यावर आली. देवळात समई, घोंगडी पांघरून झोपलेले दोघे-तिघे टाळकरी, बाहेर दंव पडल्याचा आवाज येईल इतकी शांतता. मी उभा. गळ्यात ते धूड. सुरुवातीला नुसतं ओझं वाटलं. मग तार छेडली की भोपळा छातीशी थरथरायचा, ते कळायला लागलं. कानाला आवाज बारीक, पण बरगड्यांना तो चांगला मोठा लागत होता. झोप उडाली. चारला दुसरा पहारेकरी आला तेव्हा वीणा देताना मी जरा चिकटपणाच केला म्हणे. पुढं कॉलेजात असताना कॅम्पात नाताळच्या दिवसांत रस्त्यावर गिटार घेऊन गाणारी पोरं बघितली, पगार सुरू झाल्यावर अठराशे रुपयांची एक प्लायवूडची गिटार घेतली. ती वाजायची, पण छातीला काही लागायचं नाही. हा एवढाच धागा. बाकी सगळा हट्ट.

लाकूड घरातच होतं. शहापुरातला वाडा पाडला तेव्हा वाटणीत कुणाला तांब्यापितळेची भांडी आली, कुणाला खांब. झोपाळ्याची पाटी कुणीच मागितली नाही, म्हणून ती माझ्याकडे आली. शिसवाची अखंड फळी, दोन इंच जाड, चार कोपऱ्यांना कड्यांची भोकं. आजी त्यावर बसून शेंगा फोडायची. तिच्या टाचेनं जमिनीला रेटा दिला की कड्या कुरकुरायच्या आणि दुपारभर तो आवाज घरात असायचा. माझ्या फ्लॅटमध्ये झोपाळा टांगायला जागा नाही. पंधरा वर्षं ती पाटी कपाटामागं उभी होती आणि दर दिवाळीला तिच्यामागं झाडताना बायको तिला शिव्या घालायची. शिसव आता सहज मिळत नाही. इथल्या घाटातलं झाड, पण खात्याच्या परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही. १९९२ पासून गिटारसाठी नावाजलेल्या ब्राझीलच्या शिसवाचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराखाली जवळजवळ बंदच झाला. आज जगातल्या कितीतरी चांगल्या गिटारांच्या पाठी आपल्या शिसवाच्या असतात. हे वाचल्यावर मी कपाटामागं गेलो आणि कोळिष्टकं काढून पाटीवर बोटानं टकटक केली. घंटेसारखा आवाज आला नाही. दोन इंच जाड फळीतून कुठून येणार?

ती चिरायची कुणाकडून, हा प्रश्न होता. दोन मिलनी हात जोडले. जुन्या लाकडात खिळा असतो, पाते तुटते, नुकसान कोण देणार? शेवटी अनगोळच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री भेटले. दारं, देव्हारे, गावच्या यात्रेच्या पालख्या, सगळं केलेले. घरात कानडी, गिऱ्हाईकाशी मराठी, आणि लाकडाशी बोलायची तिसरीच काहीतरी भाषा. त्यांनी फळीवर लोहचुंबक फिरवलं, दोन ठिकाणी बारीक लोखंडी चुका सापडल्या, त्या पटाशीनं उकरून काढल्या. मग विचारलं, "काय करालाय ह्याचं?" "गिटार." ते थोडा वेळ गप्प राहिले. "मोठ्या फळीचं लहान काम करालाय," म्हणाले. त्यांच्या ओळखीच्या बँडसॉवर पाटी उभी चिरून घेतली. पहिलं पान वेगळं झालं आणि पुस्तक उघडावं तशी दोन्ही पानं शेजारी मांडली, तेव्हा आतल्या जांभळ्या-काळ्या रेघा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या दिसल्या. भुश्याला गोडसर वास होता. आजीच्या टाचेखाली हे सगळं होतं आणि वरून नुसती तेलकट काळी फळी दिसत होती.

वरची पाटी, म्हणजे जिथं भोक असतं ती, शिसवाची चालत नाही. ती हलकी आणि ताठ लागते, म्हणून स्प्रूसची, म्हणजे थंड प्रदेशातल्या एका सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची. ते मात्र ऑनलाइन मागवलं. अलास्काच्या बाजूचं लाकूड कुरिअरनं टिळकवाडीत आलं. पांढरट, ढलपीसारखं हलकं, रेघा अशा बारीक आणि सरळ की वहीच्या पानावर आखल्यासारख्या. गिटारचा आवाज मुख्यतः ह्याच पाटीतून येतो. अंतोनियो द तोर्रेस या स्पॅनिश कारागिरानं १८६२ साली हे दाखवून द्यायला एक गिटार केली होती. वरची पाटी चांगल्या लाकडाची, पाठ आणि कडा कागदाच्या लगद्याच्या. ती आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. हे मी मोठ्या उत्साहानं मिस्त्रींना सांगितलं. ते रंधा घासत होते. वर न बघता म्हणाले, "मग आमचा शिसव कशाला फाडला? पुठ्ठा आणायचा की."

पडद्यांचं, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांचं, गणित हा माझ्या जिव्हाळ्याचा भाग. तार मोकळी असताना तिची लांबी ६४८ मिलिमीटर धरली. तिला १७.८१७ नं भागायचं, म्हणजे पहिला पडदा ३६.३७ मिलिमीटरवर. उरलेल्या लांबीला परत त्यानंच भागायचं, दुसरा पडदा. असं करत गेलं की बारावा बरोबर मधोमध, ३२४ वर येतो आणि तिथं वरचा सा मिळतो. जुने कारागीर १८ नं भागायचे. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली स्वतः ल्यूट नावाचं तंतुवाद्य वाजवायचे, त्यांनी सोळाव्या शतकात हाच १८ चा हिशेब मांडला होता. माझ्या लांबीवर तो लावून बघितला तर बारावा पडदा दोन मिलिमीटरहून जास्त अलीकडे येत होता. मी रविवारी सकाळी एक्सेलमध्ये हे सगळं मांडून बसलो होतो आणि मनातल्या मनात थोरल्या गॅलिलींचा माल रिजेक्ट करत होतो. मग पुढं वाचलं की तार दाबली की ती ताणली जाते, सूर चढतो, म्हणून घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, गणिताच्या जागेपासून दोन-तीन मिलिमीटर मागं आणि थोडी तिरकी बसवावी लागते. म्हणजे इतकं काटेकोर काढायचं आणि शेवटी अंदाजानं सरकवायचं. मला ते पचायला दोन दिवस लागले.

याच काळात एकदा मिरजेला जाऊन आलो. सकाळची गाडी, अडीच-तीन तास. दर्ग्याजवळच्या त्या गल्लीत दुकानादुकानात भोपळे टांगलेले, लाखेचा आणि भुश्याचा वास, आणि एक म्हातारे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत, म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर मोकळा करत, बसलेले. कानस दोनदा फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं. परत दोनदा. मापं घ्यायचं कसलंही साधन जवळ नाही. मी विचारलं, किती घासायचं ते कसं कळतं? ते म्हणाले, "बोलायला लागला की थांबायचं." मी खिशातली डिजिटल व्हर्नियर खिशातच ठेवली. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, लाकूड किती वर्षांचं? आजीच्या लग्नाच्या आधीचं, असं सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. अलास्काच्या पाटीचं मला माहीत नव्हतं, म्हणून ते सांगितलं नाही.

कडा वाकवायच्या म्हणजे दोन मिलिमीटर जाडीची, हातभर लांब शिसवाची पट्टी पाण्यात भिजवून तापलेल्या पाइपवर हळूहळू दाबत न्यायची. नळाच्या कामाचा दोन इंची लोखंडी पाइप शिकंज्यात आडवा धरला, एका तोंडातून ब्लोलॅम्पची ज्योत सोडली. पाइपवर पाण्याचा थेंब नाचत पळाला की तापला. पट्टी टेकवली की चर्र होतं, वाफ येते, गुलाबपाणी आणि गूळ एकत्र उकळल्यासारखा वास सुटतो. काही क्षण लाकूड लाकूडच असतं. मग हाताखाली ते एकदम ढिलं पडतं. ते ढिलं पडणं वाचून कळत नाही. पहिली पट्टी कमरेच्या वळणावर मी घाईनं रेटली आणि ती काडीसारखी मोडली. मिस्त्री दारात बिडी ओढत होते. "अजून किती हाईत?" "तीन." "मग दोन मोडता येत नाहीत तुम्हाला," एवढंच म्हणाले. बाकीच्या मोडल्या नाहीत.

जुलै आला. आमच्याकडचा जुलै माहीत असलेल्यांना सांगायला नको. भिंतींना पाझर, मिठाला पाणी, कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी, आणि चार दिवस दोरीवर असूनही ओशट वास येणारे कपडे. आणि मी घरातले सगळे चिमटे पळवले. कडा आणि पाटी जिथं जुळतात तिथं आतून एक खाचा पाडलेली बारीक पट्टी चिकटवावी लागते, नाहीतर दोन मिलिमीटरच्या कडेला पाटी चिकटायला जागाच नसते. ती पट्टी सुकेपर्यंत दाबून धरायला जगभर लोक कपड्यांचेच चिमटे वापरतात, वर रबरबँड गुंडाळून. मला पन्नास लागले. "अहो, तुमच्या गिटारला चिमटे आणि माझ्या साड्या शेजारणीच्या अंगणात," बायको म्हणाली, आणि खरंच एक साडी वाऱ्यानं खालच्यांच्या तुळशीवर जाऊन पडली होती. मी नवे चिमटे आणले. ते प्लास्टिकचे होते, त्यात काही दम नव्हता, ते मी दोरीला लावले आणि लाकडी परत घेतले.

ऑगस्टमध्ये वरच्या पाटीला आतून आधाराच्या पट्ट्या लावायच्या होत्या. सहा तारांचा ताण मिळून सत्तर किलोच्या आसपास जातो, म्हणजे अडीच-पावणेतीन मिलिमीटरच्या पाटीवर एक माणूस कायमचा ओढत बसलेला. त्याला आधार हवा. तो जड झाला तर आवाज बसतो, हलका झाला तर पाटी बसते. पट्ट्या लावून, थोडं थोडं तासत, पाटीवर बोटाच्या पेरानं ठोकत ऐकत राहायचं. हे मात्र मला येत होतं. खानापूरच्या बाजारात आई मडकं घेताना असंच करायची. मडकं तळहातावर उचलायचं, वाकड्या बोटानं ठोकायचं, 'भद' झालं की खाली, 'टण' झालं की पिशवीत. कुंभारीण रागवायची, "अवो फोडचिला की." मी रात्री अकराला पाटी दोन बोटांत लोंबकळत धरून ठोकत बसायचो आणि शेजारी विचारायचे, एवढ्या रात्री कोण आलंय?

त्या महिन्यात घरातला आर्द्रतामापक ८६ दाखवत होता. गिटारच्या जोडणीला ४५ ते ५० चांगले, हे मी वाचलेलं होतं. मिस्त्रीही म्हणाले होते, "सर, पावसात चिकटवू नका. लाकूड पाणी पिऊन बसलंय. दसऱ्यानंतर बघू." पण मुलीचा वाढदिवस दिवाळीत आणि मी तारीख ठरवून बसलेला. आमच्या कामात तारीख म्हणजे तारीख. खोलीत दोन दिवस बल्ब लावून ठेवला, आकडा ७० वर आला, आणि मी सरस तापवला.

मग लाखेचं पॉलिश. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, कापसाची पोटली, आणि शेकडो वेळा गोल गोल हात. दमट हवेत त्यावर दुधासारखी साय धरते, ती खरवडून परत. दसऱ्यापर्यंत हाच उद्योग. बलिप्रतिपदेच्या सकाळी तारा चढवल्या. एकेक तार ताणताना मी चक्क तोंड वळवून उभा होतो, पाटी फुटली तर डोळ्यात जायला नको म्हणून. फुटली नाही. मुलीनं ई मायनर वाजवला. आवाज वाईट नव्हता. खालचा सूर जरा गुंगणारा, वरचा थोडा कोरडा. मग मी ती घेतली, छातीशी धरली आणि जाडी तार एकट्यानं छेडली. लागला. बरगडीला लागला. मी काही बोललो नाही, बायको म्हणाली, "चहा टाकू का?"

आता लेबल. प्रत्येक गिटारच्या पोटात, भोकातून दिसेल असं, पाठीच्या आतल्या बाजूला एक लेबल असतं. नाव, गाव, साल. तोर्रेसनं मध्ये काही वर्षं हे काम सोडून चिनीमातीच्या भांड्यांचं दुकान चालवलं, आणि परत सुरुवात केली तेव्हा लेबलावर 'दुसरा काळ' असं लिहून क्रमांक घालायला लागला. मला ते फार आवडलं होतं. मीही सुबक लेबल केलं. वर 'हस्तनिर्मित', खाली माझं नाव, मग गाव. आणि तिथं अडलो. मी आयुष्यभर बेळगावच लिहीत आलोय. १ नोव्हेंबर २०१४ पासून कागदोपत्री बेळगावी. माझ्या नोकरीच्या कागदावर बेळगावी, आईच्या पत्रांवर बेळगाव, जुन्या पासबुकावर इंग्रजी बेलगाम. वाद्यावर कुठलं? आणि कुठल्या लिपीत? बाहेरच्या माणसाला हा विनोद वाटेल. आमच्याकडे लग्नपत्रिका छापतानासुद्धा ह्यावर घरात दोन मतं पडतात, आणि १ नोव्हेंबरला एका रस्त्यावर मिरवणूक असते तर दुसऱ्यावर काळा दिवस. मी तिन्ही लिप्यांत करून बघितलं. लेबल एवढंसं, अक्षरं मुंग्यांसारखी. मुलगी मागून बघत होती. नवीन नियमाप्रमाणे दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड लागते, त्यावरून म्हणाली, "पप्पा, गिटारला पण साठ टक्के का?" मी संगणक बंद केला. मराठीत करून टाकावं असंही वाटलं होतं, आपलीच वस्तू, आपलं घर. पण मग मिस्त्रींचा रंधा आठवायचा. त्यांचं नाव तर कुठल्याच मसुद्यात नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. छापून आणलेला चिकटपट्ट्यांचा कागद फ्रीजवर पडून राहिला आणि बायकोनं त्यातली चार-पाच लिंबाच्या लोणच्याच्या बरण्यांना लावली. आमच्याकडे अजून एका बरणीवर 'हस्तनिर्मित' आणि खाली माझं नाव आहे. लोणचं तिनं घातलेलं.

फाल्गुनात, होळीच्या दोन दिवस आधी, रात्री साडेबाराला घरात 'टक्' असा आवाज झाला. पाल असेल म्हणून मी कूस बदलली. मग उठलो, कारण तो आवाज मला ओळखीचा वाटला. मोडलेल्या पट्टीनं तोच केला होता. दिवा लावला. वरच्या पाटीवर, घोडीच्या खालून कडेपर्यंत, रेघेच्या बाजूनं एक केस पडला होता. बोटानं लागत नव्हता, नखानं लागत होता. आर्द्रतामापक २८ वर.

कारण सगळं माहीत होतं. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, रुंदीत हलतं. पावसात ते फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. चारशे मिलिमीटर रुंदीची स्प्रूसची पाटी ७० वरून ३० च्या खाली आली की मोकळी असती तर काही मिलिमीटर आत आली असती. ती मोकळी नव्हती. मी तिला फुगलेली असताना आडव्या पट्ट्यांना चिकटवून टाकलं होतं. त्या पट्ट्या लांबीत आक्रसत नाहीत. पाटीला जागा हवी होती, ती तिनं करून घेतली. काही मिलिमीटर म्हणजे काही हजार मायक्रॉन, आणि मी कामावर दहासाठी माल परत पाठवतो. त्या रात्री गिटार मांडीवर घेऊन बसलो तेव्हा वाईट वाटत होतं, पण खरं सांगायचं तर त्याखाली थोडी गंमतही होती. किट असतं तर कुठल्यातरी वातानुकूलित खोलीत जोडलेलं असतं. ती चीर शुद्ध बेळगावची होती. आमच्या ऑगस्टनं आणि आमच्या मार्चनं मिळून पाडलेली. अर्थात सकाळी उठल्यावर ही गंमत गेली आणि नुसती चीर राहिली.

दुरुस्ती अवघड नाही, किचकट आहे. तारा ढिल्या केल्या. साबणाच्या डबीला भोकं पाडून तीत ओला स्पंज ठेवला, डबी गिटारच्या पोटात सोडली आणि गिटार खोक्यात बंद. पाच दिवसांत पाटी परत पाणी प्यायली आणि चीर आपोआप मिटली. मग पातळ सरस बोटानं चिरेत जिरवायचा आणि आतून स्प्रूसच्या तुकड्यांच्या चौकोनी टिकल्या, रेघा आडव्या ठेवून, ओळीनं लावायच्या. भोक दहा सेंटिमीटरचं, त्यातून माझा हात मनगटाच्या थोडा पुढंपर्यंत जातो. आत काय चाललंय ते दिसत नाही. म्हणून मुलीचा छोटा आरसा आत पाठीवर उताणा ठेवला आणि मोबाईलची बॅटरी मारली. त्या पोरानं मारली होती तशीच.

मी आत प्रथमच बघत होतो. म्हणजे बनवताना सगळं बघितलेलंच, पण तेव्हा ते उघडं होतं, टेबलावर होतं. बंद झाल्यावरचं आत वेगळंच असतं. एखाद्या बिनखिडकीच्या माजघरात दिवा घेऊन शिरल्यासारखं वाटतं. आधाराच्या पट्ट्या तुळयांसारख्या, सरसाचा एक ओघळ जो पुसायचा राहिला, एका कोपऱ्यात ब्लोलॅम्पनं काळा पडलेला डाग. आरशात वरच्या पाटीची खालची बाजू दिसत होती, आणि तिच्यावर पेन्सिलीनं काहीतरी. उलटं होतं, म्हणून वाचायला वेळ लागला. 'आत'. माझंच अक्षर. रंधताना दोन बाजूंत घोळ होऊ नये म्हणून मी लिहिलेलं, नंतर पुसायचं विसरलेलं.

टिकली लावायला जागा करावी म्हणून आरसा बाजूला सरकवला. तो होता तिथं, भोकापासून दूर, खालच्या रुंद भागात, शिसवाच्या पाठीवर मिस्त्रींची लाल पेन्सिल होती. सुताराचं जाडं, खडबडीत कानडी अक्षर. मला कानडी वाचता येतं, शाळेत होतं. 'ओळगे'. म्हणजे आत. त्यांनीही त्यांची बाजू चुकू नये म्हणून लिहिलेलं. दोन शब्द एकमेकांसमोर, मध्ये दहा-अकरा सेंटिमीटरची हवा.

टिकल्या चार लागल्या. दुसऱ्या दिवशी तारा ताणल्या, चीर धरून राहिली. बाहेरून बघितलं तर अजून दिसते. उजेड तिरका पडला की घोडीखाली एक रेघ चमकते, आणि मी ती झाकायला पॉलिश केलेलं नाही.

संध्याकाळी मिस्त्रींना फोन लावला. मागं कुठंतरी रंधा चालू होता, कुणा शिकाऊ पोराचा असावा, कारण मध्येच ते त्याच्यावर कानडीत ओरडले. चीर पडल्याचं सांगितलं. "ऑगस्टातच म्हटलेलं," ते म्हणाले, त्यात विजय वगैरे नव्हता. मग म्हटलं, मिस्त्री, आत तुमचं अक्षर सापडलं. 'ओळगे' लिहिलंय पाठीवर. त्यांना आठवेना. थोडा वेळ विचार करून म्हणाले, "लिहिलं असंल की. नाहीतर तुम्ही उलटं चिकटवला असता."